पासवर्ड तर सेव्ह केला होता, मग गेला कुठे?

जुने कॉम्प्युटर माळ्यावर टाकायला लोकांचा जीव होत नाही, आणि माझं मत विचाराल तर टाकूही नयेत, पण त्यांच्या पोटात आपण काय काय ठेवलंय याची यादी कोणाकडेच नसते. या महिन्याचे बरेचसे प्रश्न त्याच एका गोष्टीवर, साठवलेल्या पासवर्डवर, आलेत म्हणून सगळे एकत्रच घेतोय. प्रिंटरबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१. घरी २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज सेव्हन, चालतो उत्तम. दोन महिने मुलीकडे होतो, परत आलो तर कॉम्प्युटर सुरू करतानाचा पासवर्डच आठवेना. ओळखीचा एक मुलगा येऊन पेनड्राइव्ह लावून दहा मिनिटांत पासवर्ड काढून गेला, दोनशे रुपये घेतले. फोटो, पत्रं, सगळं जागेवर आहे. पण क्रोममध्ये लाइट बिल, विमा, ईमेल जिथे जिथे आपोआप नाव-पासवर्ड भरला जायचा तिथे आता कोरा डबा दिसतोय आणि सगळीकडून लॉग आऊट झालोय. मुलगा म्हणतो, काका, मी क्रोमला हातसुद्धा लावला नाही. खरं काय समजायचं? (सातारा)

उत्तर : सर, मुलगा खरं बोलतोय आणि पासवर्ड गेले ते त्याच्यामुळेच, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

आपण 'सेव्ह' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं की पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये सेव्ह झाला. तसं नसतं. तो त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या नावाच्या विंडोज खात्यात सेव्ह होतो. क्रोम पासवर्ड एका फाइलमध्ये कुलूप लावून ठेवतो, कुलपाची किल्ली दुसऱ्या फाइलमध्ये, आणि ती किल्ली विंडोज एका डबीत बंद करतं जी उघडते तुमच्या विंडोजच्या पासवर्डने. तुम्ही स्वतः आत बसून, जुना पासवर्ड टाकून नवीन ठेवता ना, तेव्हा विंडोज जुन्याने डबी उघडून नव्याने परत बंद करतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही. पण या मुलाने बाहेरून, पेनड्राइव्हवरून, पासवर्ड पुसला. दार उघडलं, डबी मात्र अजून जुन्या पासवर्डचीच वाट बघत बसलीय. कंट्रोल पॅनेलमधून एका खात्याने दुसऱ्याचा पासवर्ड रिसेट करायला घेतला तर विंडोज स्पष्ट इशारा देतं की या माणसाचे वेबसाइटचे साठवलेले पासवर्ड जातील. पेनड्राइव्हवाल्या टूलमध्ये तो इशारा येत नाही, त्यामुळे त्या पोरालाही माहीत नसणार. त्याला रागावू नका.

सर, हे दुखणं काही आजचं नाही. विंडोज ९८ च्या काळात, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं फोनच्या तारेवरचं डायल-अप इंटरनेट असताना, मोडेम किंचाळत फोन लावायचा तेव्हाही हेच होतं. कनेक्टच्या खिडकीत 'सेव्ह पासवर्ड' असा चौकोन असायचा आणि कित्येकांकडे तो राखाडी पडलेला, टिकच करता यायची नाही, दर वेळी तो लांबलचक पासवर्ड टाइप करा आणि एक अक्षर चुकलं की परत डायल करा, फोनचं मीटर चालूच. लोक मोडेम बदलायचे, अहो काही जणांनी विंडोज परत टाकून घेतलं. कारण काय, तर कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज नाव-पासवर्ड विचारायचं आणि आपण कटकट नको म्हणून कॅन्सल दाबायचो. कॅन्सल दाबलं की विंडोजच्या लेखी खुर्चीवर कोणीच बसलेलं नाही, मग पासवर्ड ठेवायचा कोणाच्या नावाने? त्या वेळी प्रत्येकाच्या नावाची एक पीडब्ल्यूएल फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये असायची, पासवर्ड त्यात. नाव टाकून, पासवर्ड कोरा ठेवून ओके दाबलं की चौकोन जिवंत व्हायचा. एवढंच. आणि तरीही नाही झाला तर ती पीडब्ल्यूएल फाइल खराब झालेली, ती उडवली की नवी तयार व्हायची. मी तेव्हा या एका युक्तीवर बरेच चहा प्यायलोय.

आता तुमचं. पहिली गोष्ट, क्रोम अनइन्स्टॉल करू नका, कोणाला 'क्लीन' करू देऊ नका. शांत बसून तो जुना विंडोजचा पासवर्ड आठवा. शाळेचं नाव, नातीची जन्मतारीख, स्कूटरचा नंबर, जे असेल ते. आठवला तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबून 'चेंज अ पासवर्ड'मध्ये जाऊन तोच जुना परत लावा आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करा. डबी उघडते. पण इथे एक गोम आहे, ती लपवत नाही. २०२० पासूनच्या क्रोमला जुनी किल्ली उघडली नाही की तो स्वतःच नवी किल्ली बनवून जुनीच्या जागी ठेवतो. तुम्ही मधल्या काळात क्रोम उघडलंय, म्हणजे अलीकडे साठवलेले पासवर्ड बहुधा गेले. त्याच्या आधीचे, २०२० पूर्वीचे, वेगळ्या पद्धतीने थेट विंडोजच्या डबीत असायचे, ते परत दिसू शकतात. म्हणून प्रयत्न जरूर करा, फुकट आहे.

दुसरं, तुमच्या फोनवर तेच जीमेल खातं आहे का? क्रोममध्ये कधी उजव्या कोपऱ्यात तुमचा गोल फोटो दिसायचा आणि 'सिंक' चालू असायचं का? असेल तर पासवर्डची एक प्रत गूगलकडे पडलेली असेल. फोनवर क्रोम उघडून पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम टाका. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि मग ते मला फोन करून सांगतात की उगाच घाबरलो.

दोन्ही नाही जमलं तर मग सरळ 'फरगॉट पासवर्ड'चा रस्ता, पण क्रम चुकवू नका. आधी ईमेल. बाकी सगळ्यांच्या रिसेटच्या लिंका ईमेलवर येतात, म्हणून ईमेल उघडलं की बाकीचे एकामागून एक उघडतात, आणि ईमेल नाही उघडलं तर विमा आणि लाइट बिलावर डोकं आपटून उपयोग नाही. रोज दोन-तीनच करा, सगळे एका दिवशी करायला गेलात तर ओटीपी कुठला कशाचा तेच कळेनासं होतं.

आणि सर, न विचारता एक सांगतो. विंडोज सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ नंबरचं, २०२३ च्या जानेवारीतलं. पत्रं लिहा, फोटो बघा, पेपर वाचा, पण बँकेचा पासवर्ड त्या मशीनवर टाकू नका. बँक फोनवर.

प्रश्न : दादा, जुना कॉम्प्युटर हळू झाला म्हणून नवीन लॅपटॉप घेतला. एका व्हिडिओत बघून क्रोमचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि नव्यात त्याच जागी टाकला. बुकमार्क आले, हिस्ट्री आली, पासवर्ड एकही नाही आला. काहीच समजून नाही राहिलं. (नागपूर)

उत्तर : ताई, वरचं उत्तर वाचलं असेल तर अर्धं समजलं असेल. बुकमार्क म्हणजे उघड्यावर ठेवलेली वस्तू, कुठेही न्या. पासवर्ड डबीतले, आणि डबी जुन्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेली, ती पेनड्राइव्हवर आली तरी नव्या घरात उघडत नाही. आणि हे चांगलंच आहे हो, नाहीतर दुरुस्तीला दिलेल्या कॉम्प्युटरमधून कोणीही फोल्डर उचलून नेला असता.

तुमचं नशीब चांगलं की जुना अजून चालतोय. तो चालू करा, क्रोमच्या सेटिंगमध्ये ऑटोफिल, त्यात पासवर्ड मॅनेजर, तिथे तीन टिंबांवर (नव्या क्रोममध्ये डावीकडच्या 'सेटिंग्ज'वर) क्लिक केलं की 'एक्स्पोर्ट पासवर्ड्स' येतं. विंडोजचा पासवर्ड विचारेल, द्या. एक सीएसव्ही फाइल तयार होईल. ती एकदा डबल क्लिक करून उघडून बघाच, म्हणजे मी पुढे जे सांगतोय ते पटेल: एक्सेलच्या रांगांसारख्या रांगा, साइटचं नाव, तुमचं नाव आणि शेजारी पासवर्ड, चक्क वाचता येईल असा, ठिपके नाहीत, कुलूप नाही, काही नाही. म्हणून ही फाइल स्वतःला ईमेल करू नका, व्हॉट्सॲपवर मुळीच नको. पेनड्राइव्हने न्या, नव्या क्रोममध्ये इम्पोर्ट करा, चार साइट उघडून खात्री करा आणि मग दोन्हीकडून शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही राहत नाही. पेनड्राइव्ह शाळेत प्रोजेक्टला जाणारा असेल तर तो फॉरमॅटच मारा.

फायरफॉक्सवाल्यांसाठी जाता जाता. तिथे उलटं आहे. फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये लॉगिन्स डॉट जेसन आणि की-फोर डॉट डीबी अशा दोन फाइल असतात, दोन्ही बरोबर उचलून नव्या प्रोफाइलमध्ये टाकल्या की पासवर्ड येतात, विंडोज कुठलं का असेना. एकच नेली तर नाही चालत. सोपं आहे, पण म्हणजेच चोरालाही सोपं, म्हणून फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावून ठेवा. तो मात्र विसरलात तर मग कोणी वाली नाही.

प्रश्न : आमच्याकडे गावातल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड आहे. आठ वर्षांपूर्वी त्याच्या माणसाने कॉम्प्युटरवर 'ब्रॉडबँड कनेक्शन' असा आयकॉन करून दिला, तेव्हापासून फक्त कनेक्ट दाबतोय. आता घरात सगळ्यांना वायफाय पाहिजे म्हणून राउटर आणला, तो युजरनेम-पासवर्ड मागतोय. पासवर्ड कोणालाच माहीत नाही, आयकॉनमध्ये ठिपके दिसतात ते कॉपी होत नाहीत. अंदाजाने टाकला तर एरर ६९१. तो माणूस नोकरी सोडून गेला. (चिपळूण)

उत्तर : त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवू नका, ते पासवर्ड नाहीतच. ठिपके मोजून 'आठ अक्षरी आहे' असं ठरवणारे लोक मी पाहिलेत. ती नुसती जागा भरलेली असते. काही विंडोजमध्ये तर त्या डब्यात सरळ इंग्रजीत लिहून येतं की साठवलेला पासवर्ड बदलायचा असेल तर इथे क्लिक करा, आणि तुम्ही क्लिक केलं की डबा रिकामा. तिथे चुकून काही टाइप करून कनेक्ट दाबलंत, खाली सेव्हची टिक असली, तर चालणारा पासवर्डही गेला म्हणून समजा. तेव्हा तो आयकॉन आता उघडून खेळू नका.

हे पासवर्ड काढून दाखवणारी फुकटची सॉफ्टवेअर इंटरनेटवर मिळतात, मी सुचवत नाही, त्यातली बरीच स्वतःच रोगराई घेऊन येतात. यासाठी केबलवाल्याकडेच जा. युजरनेम आयकॉनमध्ये स्पष्ट दिसतं, ते कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या, लहान-मोठं अक्षर, मधला ठिपका, सगळं. केबलवाल्याला त्याच्या पॅनेलवरून पासवर्ड नवा करून द्यायला दोन मिनिटं लागतात. माणूस गेला तरी पॅनेल आहे.

आता ६९१ म्हणजे काय, तर पलीकडच्या सर्व्हरने तुमचं नाव-पासवर्ड नाकारलं. म्हणजे वायर ठीक, सर्व्हर बोलतोय, फक्त आत घेत नाही. (६५१ आला असता तर समजायचं वायर, जॅक किंवा पलीकडचं मशीन, तिथे पासवर्डचा संबंध नाही. जुन्या एक्सपीत त्याच्या जागी ६७८ यायचा.) पण ६९१ फक्त पासवर्ड चुकल्यावरच येतो असं नाही, आणि इथे लोक फसतात. रिचार्ज संपला तरी ६९१ येतो. कॉम्प्युटरवर कनेक्शन चालू ठेवून त्याच नावाने राउटरवरून घुसायला गेलात तरी येतो, कारण एका नावाने एकालाच आत घेतात, तेव्हा आधी कॉम्प्युटरवर डिसकनेक्ट करा. लाइट गेल्यावर जुनं कनेक्शन सर्व्हरच्या वहीत अर्धवट उघडं राहतं, पाच-दहा मिनिटं थांबलं की सुटतं. आणि काही केबलवाले तुमचं खातं पहिल्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला (त्याला मॅक म्हणतात) बांधून ठेवतात, मग पासवर्ड बरोबर असूनही राउटरला हाकलतात. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या, सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' म्हणून बटण असतं, कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडून ते दाबा, नाहीतर केबलवाल्याला म्हणा 'मॅक रिसेट कर', त्याला बरोबर कळतं.

राउटरमध्ये एकदा पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडायचा प्रकार) निवडून नाव-पासवर्ड टाकलात की तो आयकॉन विसरा, उडवून टाका. आणि नवा पासवर्ड राउटरच्या पोटावर, खालच्या बाजूला, चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. हो, मी हे लेखी सांगतोय. ज्याला तो वाचता येईल तो तुमच्या घरात आधीच शिरलेला असेल, मग चिंता करायला दुसऱ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : काय राव, रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तारीख २०१० सालची! आणि जीमेल, यूट्यूब काहीच उघडत नाही, लॉगिनचं पान पण येत नाही, लाल अक्षरात काहीतरी असुरक्षित आहे म्हणतो. पोरगा म्हणतो व्हायरस. (कोल्हापूर)

उत्तर : व्हायरस नाही, सेल गेलाय. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या आणि वजनकाट्याच्या दुकानातही मिळतो. मेन स्विच बंद, वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा, क्लिप नखाने दाबली की सेल उडून वर येतो, नवा अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. मग एकदा तारीख-वेळ लावा, झालं.

साइट का उघडत नाहीत, तर प्रत्येक साइटकडे एक दाखला असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असा. तुमचा कॉम्प्युटर २०१० मध्ये बसून तो दाखला बघतो आणि म्हणतो, हा तर अजून जन्मालाच आलेला नाही. नाकारणारच. क्रोम कधी कधी स्पष्ट लिहितो की तुमचं घड्याळ मागे आहे, पण लाल पान बघून ते वाचतो कोण.

प्रश्न : मी मंडळाचे इतिवृत्त, पत्रिका, अहवाल सगळं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करतो. हल्ली अधूनमधून होतंय असं की पासवर्ड बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतो. तीन वेळा झालं की खातं लॉक. दुसऱ्या दिवशी तोच पासवर्ड चालतो! सेव्ह केलेला आपोआप भरला तर चालतो, हाताने टाकला तर नाही. (लातूर)

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. सेव्ह केलेला चालतो म्हणजे पासवर्ड बरोबर, तुमची बोटंही बरोबर, कीबोर्ड मराठीत गेलेला आहे.

विंडोजमध्ये दोन भाषा टाकलेल्या असल्या की डावीकडचा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो, आणि मराठी टाइप करणाऱ्याचा हात तिकडे सवयीने जातोच. पासवर्डच्या डब्यात सगळंच ठिपके दिसतं, त्यामुळे आत काय पडतंय ते कळत नाही. नोटपॅड उघडून बघा: इनस्क्रिप्ट ही मराठीची कीबोर्ड-मांडणी चालू असताना इंग्रजी एच, ओ, एम, ई या चार कळा दाबल्या की 'होम' नाही, 'पदसा' उमटतं. तुमचा पासवर्ड बिचारा असाच काहीतरी 'पदसा' होऊन जातोय. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नव्याने लागतो, कीबोर्ड परत इंग्रजीवर, म्हणून चालतो.

पासवर्ड टाकायच्या आधी खाली घड्याळाजवळ भाषा कुठली आहे ते बघायची सवय लावा. विंडोजच्या लॉगिनच्या पानावरही कोपऱ्यात भाषा लिहिलेली असते, तिथेही हाच घोळ होतो आणि मग साताऱ्याच्या सरांसारखं पेनड्राइव्हवाल्या मुलाला बोलवावं लागतं. ऑल्ट-शिफ्टची सवय मोडवत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ती जोडी बदलता येते.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ॲट-द-रेट. शिफ्ट दाबून दोन दाबलं की ॲट-द-रेटऐवजी अवतरणचिन्ह येत असेल तर कीबोर्ड इंग्रजी-यूके झालेला आहे, तो इंग्रजी-यूएस किंवा इंग्रजी-इंडिया करा. पासवर्डमध्ये ॲट-द-रेट घालायची आपल्याकडे भारी हौस, त्यामुळे हे प्रकरण वाटतं त्यापेक्षा जास्त घरांत आहे.

प्रश्न : माझं जीमेल खातं माझ्या मुलानेच उघडून दिलं होतं, तो न्यू जर्सीला गेला त्याला सहा वर्षं झाली. घरच्या कॉम्प्युटरवर ते उघडंच असायचं. परवा भाच्याने कॉम्प्युटर साफ करायचं सॉफ्टवेअर चालवलं आणि खातं बंद झालं. आता कोड पाठवतो म्हणतो, तो मुलाच्या जुन्या इथल्या नंबरवर, आणि ते सिम तर केव्हाच बंद झालंय. (डोंबिवली)

उत्तर : मावशी, भाच्याच्या सॉफ्टवेअरने तुमच्या 'कुकीज' पुसल्या. खातं सहा वर्षं उघडं राहिलं ते पासवर्डमुळे नाही, साइटने ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवलेली असते, 'या बाई ओळखीच्या आहेत, रोज विचारू नका' अशी. ती चिठ्ठी गेली, मग पहिल्यापासून ओळख द्या. पासवर्ड वेगळा, चिठ्ठी वेगळी. तेव्हा आधी ब्राउझरच्या पासवर्ड यादीत बघा, गूगल नावाची ओळ आणि शेजारी डोळ्याचं चित्र आहे का. डोळ्यावर क्लिक केलं, विंडोजचा पासवर्ड दिला की ठिपक्यांची अक्षरं होतात.

तो मिळाला तर याच कॉम्प्युटरवरून, याच ब्राउझरमधून, घरच्याच इंटरनेटवरून प्रयत्न करा. नेहमीची जागा आणि नेहमीचं मशीन दिसलं की गूगल जरा मऊ वागतं. सायबर कॅफेतून किंवा मुलाने तिकडून अमेरिकेतून केलं तर संशय वाढतो. कोड जुन्या नंबरवर मागितला तर 'दुसरा पर्याय' दाबा, मुलाचा ईमेल रिकव्हरीसाठी दिलेला असेल तर तिकडे कोड जाईल, त्याला फोनवर विचारून टाका. तिकडे रात्र असेल तर उठवा, चालतं.

आत गेलात की पहिलं काम, तो जुना नंबर काढून स्वतःचा टाका. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, म्हणजे तुमच्या खात्याचा कोड भलत्याच माणसाच्या खिशात वाजेल. आणि या काळात 'गूगलमधून बोलतोय, मी कॉम्प्युटर तिकडून बघतो, अमुक ॲप टाका' असा फोन आला तर ठेवून द्या. मुलाला स्क्रीन दाखवायची तर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल कॉम्प्युटरपुढे धरा, तेवढं पुरतं.

प्रश्न : पासवर्ड वहीत लिहू नयेत म्हणतात. मग कुठे लिहायचे? मी कालनिर्णयच्या मागे लिहायचो. (नाशिक)

उत्तर : वहीत लिहा, खुशाल. घरातल्या कपाटातली वही हॅक करायला चोराला जिना चढावा लागतो. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी नको, फोनमधला फोटो नको, आणि बँकेचा पासवर्ड पूर्ण न लिहिता तुम्हालाच कळेल अशी खूण लिहा. पासवर्ड बदललात की जुना एका रेघेने खोडा, गिरवून काळा करू नका, कारण ब्राउझरमध्ये कधी कधी तोच जुना अडकून राहतो आणि आपोआप भरत राहतो, तेव्हा कुठला काढून टाकायचा ते बघायला लागतं. ब्राउझरच्या यादीत एकाच साइटच्या दोन ओळी दिसल्या तर जुनी डिलीट करा, खातं लॉक होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

कालनिर्णय मात्र नको. गेल्या वर्षीचं कुठे आहे तुमच्याकडे? रद्दीवाल्याला विचारा.